ध्वनिशामक जोडलेली रिमफायर रायफल

ध्वनिशामक जोडलेली रिमफायर रायफल म्हणजे नळीच्या तोंडावर आवाज कमी करणारे साधन बसविलेली, बहुधा पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस वापरणारी लहान व्यासाची रायफल होय. ब्रिटन, फिनलंड, न्यूझीलंड व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशांत ती सशांसारख्या उपद्रवी प्राण्यांच्या नियंत्रणासाठी आणि लक्ष्यवेधाच्या सरावासाठी वापरली जाते. अशा रायफलीसाठी नळी किती लांब असावी, हा निवडीतील सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न आहे.

हे काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये आणले. त्याच्या बुडाच्या कडेतच स्फोटक मिश्रण भरलेले असते व रायफलीची सुई त्या कडेवर आघात करते; ‘रिमफायर’ हे नाव त्यावरूनच पडले. गोळीचा व्यास सुमारे ५.६ मिलिमीटर आणि वजन बहुधा ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. ध्वनिशामकाचे पहिले यशस्वी व्यापारी रूप हिराम पर्सी मॅक्सिम यांचे. त्याचे अमेरिकन पेटंट त्यांना १९०९ मध्ये मिळाले. मशीनगनचे जनक हिराम स्टीव्हन्स मॅक्सिम हे त्यांचे वडील.

आवाजाचे उगम

‘सायलेन्सर’ हा रूढ शब्द दिशाभूल करणारा आहे, कारण रायफल त्यामुळे निःशब्द होत नाही. गोळीबाराच्या आवाजाचे तीन भाग असतात. पहिला, नळीच्या तोंडातून दाबाखाली बाहेर पडणाऱ्या वायूंचा स्फोटध्वनी. दुसरा, ध्वनीपेक्षा वेगवान गोळीने हवेत उमटविलेला कडकडाट. आणि तिसरा, यंत्रणेच्या हालचालीचा खडखडाट. ध्वनिशामकातील पडद्यांची रांग वायूंना अडवून, पसरवून व थंड करून सोडते. तिचा उपाय केवळ पहिल्या भागावर चालतो.

दुसऱ्या भागावर उपाय काडतुसाच्या निवडीचा. ० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, तर ३० अंशांना सुमारे ३४९ मीटर असतो. अतिवेगवान पॉइंट टू-टू काडतुसाची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाते, म्हणून ध्वनिशामक असूनही तिचा कडकडाट ऐकू येतो. अवध्वनी काडतुसांत हा वेग बहुधा ३२० ते ३३० मीटर ठेवलेला असतो. १९५९ चे पॉइंट टू-टू मॅग्नम व २००२ चे पॉइंट वन-सेव्हन एचएमआर ही रिमफायर काडतुसे मात्र ध्वनीपेक्षा फारच वेगवान असल्याने तेथे ध्वनिशामकाचा लाभ मर्यादित राहतो.

तिसरा भाग बोल्ट-अॅक्शन रचनेत जवळजवळ नाहीसा होतो. तिच्यात गोळी सुटताना बोल्ट बंदच राहतो. नेमबाज हाताने तो मागे ओढेपर्यंत वायू मागून निसटत नाही व धातूवर धातू आपटत नाही. स्वयंभरण रायफलीत या दोन्ही गोष्टी घडतात. शिवाय मंद अवध्वनी काडतुसांवर स्वयंभरण यंत्रणा कधीकधी अडते. बोल्टला काडतुसाच्या जोराशी कर्तव्य नसते.

नळीची लांबी

लांब नळीने वेग वाढतो हा सर्वसाधारण समज या काडतुसाला अल्प प्रमाणातच लागू पडतो. त्यात दारू इतकी थोडी असते की सुमारे १६ इंचांपर्यंत (४० सेंटीमीटर) तिचे बहुतेक काम आटोपते. त्यापुढे काही इंच वेग किंचित वाढतो वा स्थिर राहतो आणि फार लांब नळीत घर्षणामुळे तो थोडा घटूही शकतो. म्हणून २२ वा २४ इंची नळी घेतल्याने गोळीच्या माऱ्यात लक्षणीय भर पडत नाही.

लांब नळीचा खरा गुण निराळा आहे. तिच्यात वायूंना पसरण्यास अधिक जागा मिळते, तोंडाशी दाब कमी उरतो व ध्वनिशामक नसतानाही आवाज सौम्य होतो. परंतु ध्वनिशामक बसविल्यावर हा फरक बराचसा पुसला जातो आणि लांबीची गैरसोय तेवढी उरते. रिमफायरचा ध्वनिशामक साधारणतः पाच-सहा इंच लांब असतो. १६ इंची नळीस तो जोडला की एकूण लांबी साध्या २२ इंची नळीइतकी होते. झुडपांतून वा वाहनातून रायफल हाताळणाऱ्यास हे सोयीचे पडते. त्यामुळे १६ ते १८ इंच ही लांबी बहुतेकांस योग्य ठरते. झेक सीझेड ४५७, फिनिश टिक्का टी१एक्स व अमेरिकन रुगर यांच्या आटे पाडलेल्या लहान नळ्या याच मर्यादेत आहेत. बैठकीवरून केवळ लक्ष्यवेध करणाऱ्याने मात्र २० इंची जड नळी घेतली तरी काही बिघडत नाही. तिचा भार रायफल स्थिर ठेवण्यास मदतच करतो.

आटे, पीळ आणि सुरक्षितता

अमेरिकेत नळीच्या तोंडावर बहुधा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला २८ आटे असतात. ब्रिटनमध्ये इंचाला २० आट्यांची पद्धत रूढ आहे. आटे नळीच्या अक्षाशी सरळ नसतील तर गोळी पडद्यांना घासते, म्हणून ही तपासणी जाणकार कारागिराकडूनच व्हावी. पॉइंट टू-टूच्या नळीचा पीळ सामान्यतः १६ इंचांत एक फेरा असा असतो. ६० ग्रेनची लांब अवध्वनी गोळी या पिळात पुरेशी स्थिर होत नाही व तिरकी होऊन ध्वनिशामकावर आदळू शकते. ध्वनिशामक बसविल्यावर नेम किंचित सरकतो, म्हणून दुर्बीण त्यासह जुळवावी लागते. अवध्वनी गोळी ५० मीटरवर जुळविल्यास १०० मीटरवर ती सुमारे २० ते २५ सेंटीमीटर खाली लागते. सशावर अंदाजाने गोळी झाडणाऱ्याकडून प्राणी जखमी होऊन निसटतो तो बहुधा याच कारणाने.

ध्वनिशामक नसलेल्या पॉइंट टू-टू रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो आणि क्षणिक ध्वनीसाठी हीच पातळी श्रवणास धोक्याची मानली जाते. लहान रायफल म्हणून कानांचे रक्षण टाळण्याची सवय त्यामुळे महागात पडते. रिमफायर काडतुसांत शिसे व काजळी पुष्कळ असते. ध्वनिशामक उघडून साफ करता येणारा असावा व साफसफाई हातमोजे घालून करावी. व्हिनेगर व हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मिश्रणात भाग बुडविण्याची प्रथा घातक आहे, कारण त्यातून त्वचेवाटे शरीरात जाणारे विषारी शिसे-लवण तयार होते.

कायदा

अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय अग्निशस्त्र कायद्याने ध्वनिशामकाची नोंदणी व २०० डॉलर कर लादला. कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी कायम आहे. याच कायद्यात १६ इंचांहून लहान नळीची रायफल वेगळ्या, नोंदणीबद्ध वर्गात मोडते. बाजारात १६ इंची नळ्यांची रेलचेल आहे ती काही अंशी यामुळेच. ब्रिटनमध्ये नळीची किमान मर्यादा ३० सेंटीमीटर व संपूर्ण रायफलीची ६० सेंटीमीटर आहे.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये अग्निशस्त्रास परवाना लागतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे. मराठी वाचकास हे काडतूस परिचित आहे ते ५० मीटर रायफल या क्रीडाप्रकारातून. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे या अंतरावरील प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळविले, तर कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकाविले. या स्पर्धांच्या रायफलींच्या तोंडावर कधीकधी दिसणारी लांब पोकळ नळी ध्वनिशामक नसते. दोन नेमांतील अंतर वाढविण्यासाठी ती बसविलेली असते.