खिशातल्या चाकूचं माप

गेल्या रविवारी सकाळी काहीच काम नव्हतं. (म्हणजे होतं, पण ते सोमवारच्या रिलीजचं. त्यामुळे नव्हतंच.) डायनिंग टेबलवर जुना पेपर पसरला, कॉलेजच्या दिवसांत घेतलेला व्हर्नियर कॅलिपर शोधला आणि ड्रॉवरमधले सगळे चाकू बाहेर काढले. सगळे म्हणजे किती, तर पाच. याला कलेक्शन म्हणायचं का, हा आमच्या घरात वादाचा मुद्दा आहे. आईच्या भाषेत ते 'नसते उद्योग'.

पाचही घडीचे, म्हणजे पातं मिटून मुठीत जाणारे. दोन फ्रेंच ओपिनेल, नंबर ६ आणि नंबर ८. एक स्विस व्हिक्टोरिनॉक्स. एक जपानी हिगोनोकामी, ऑफिसातल्या मित्राने आणून दिलेला. आणि पाचवा आजोबांचा. त्यावर कुठलंही नाव नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

ठरवलं की सगळ्यांची मापं एका एक्सेल शीटमध्ये टाकायची. पहिल्या दहा मिनिटांतच घोळ झाला. ओपिनेल नंबर ८ चं पातं भरलं साडेआठ सेंटीमीटर. नंबर ६ चं सात. मग हे नंबर आहेत तरी कशाचे? दुसरीकडे व्हिक्टोरिनॉक्सवाले ज्याला ९१ मिलिमीटरचा चाकू म्हणतात, त्याचं पातं ९१ चं नाहीच. मिटलेला चाकू या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजला की ९१ येतात. म्हणजे एकजण पात्याच्या हिशोबाने बोलतोय, दुसरा खिशाच्या. एकाच कॉलममध्ये दोन वेगळी युनिट्स! आपल्या प्रोजेक्टमध्ये असं झालं असतं तर क्लायंटने कॉल लावला असता.

पण ही चूक नव्हती, हे नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं. कोण काय मोजतं, यात त्या चाकूचा सगळा इतिहास आहे.

आधी ओपिनेल. फ्रान्सच्या आग्नेयेला, आल्प्सच्या कुशीत साव्वा नावाचा प्रांत आहे. तिथे सँ-जाँ-द-मोरियेन या गावाजवळ ओपिनेल घराणं शेतीची हत्यारं घडवायचं. कुऱ्हाडी, कोयते वगैरे. १८९० साली घरातल्या अठरा वर्षांच्या जोसेफ ओपिनेलने बापाच्या भट्टीत एक खिशातला चाकू बनवला. लाकडी मूठ, तिला एक खाच, खाचेत पातं, एक खिळा. संपलं. वडिलांच्या धंद्यात कोयता हेच खरं हत्यार. पण शेतकऱ्यांना चाकू आवडला. मग जोसेफने मुठीत खाच पाडायचं मशीन स्वतःच तयार केलं आणि १८९७ मध्ये एकदम बारा मापं काढली, नंबर १ ते नंबर १२.

इथे आपल्यासारख्यांना गंमत वाटेल. डिझाइन एकच, स्केल बदललेलं. नंबर २ चं पातं साडेतीन सेंटीमीटर, नंबर ५ चं सहा, नंबर १० चं दहा, नंबर १२ चं बारा. म्हणजे नंबर हे माप नव्हे, मालिकेतलं स्थान आहे. आपल्या चपलांच्या नंबरासारखं. दुकानात कोणी 'मला चोवीस सेंटीमीटरची चप्पल द्या' म्हणत नाही.

आज ओपिनेलच्या यादीत नंबर १ आणि नंबर ११ दिसत नाहीत. १९३० च्या दशकात दोन्ही बंद झाले. नंबर १ इतका चिमुकला होता की त्याला अडकवायला कडी होती, आणि त्याने फारसं काही कापता येत नव्हतं. नंबर ११ चं दुखणं वेगळं. त्याच्या एका बाजूला १०, दुसऱ्या बाजूला १२, आणि मधल्यासाठी वेगळं असं कामच उरलं नाही. पण बंद केल्यावर कंपनीने बाकीच्यांना नवे नंबर दिले नाहीत. १२ हा १२ च राहिला. जुनी व्हर्जन काढून टाकली तरी नंबर पुन्हा वापरायचा नाही, हा नियम आम्हाला सिनिअर्सकडून शिव्या खाऊन शिकावा लागला. त्या लोहारांना तो नव्वद वर्षांपूर्वी कळला होता.

पात्यावर एक शिक्का असतो, मुकुटाखाली आशीर्वाद देणारा हात. १९०९ मध्ये जोसेफने तो नोंदवला. हात सँ-जाँ-द-मोरियेनच्या मानचिन्हातला. तिथल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या बोटांचे अवशेष जपले आहेत अशी श्रद्धा आहे, आणि गावाचं नावही त्याच्यावरूनच. मुकुट साव्वाच्या जुन्या ड्यूकांच्या राज्याचा. एवढ्याशा पात्यावर अख्खा गावचा पत्ता!

या चाकूला सुरुवातीला लॉक नव्हतं. पातं नुसत्या घर्षणावर उभं राहायचं, जोर चुकला तर बोटावर मिटायचं. १९५५ मध्ये जोसेफच्या मुलाने, मार्सेलने, मुठीच्या तोंडाशी फिरणारं एक लोखंडी कडं बसवलं. कडं फिरवलं की पातं उघडं राहतं. २००० साली त्यात सुधारणा झाली आणि ते मिटलेल्या अवस्थेतही पातं धरून ठेवायला लागलं. हे कडं नंबर ६ पासून पुढच्या मापांना असतं. पुण्याच्या पावसाळ्यात माझ्या नंबर ८ ची बीचची मूठ फुगते आणि पातं खाचेत अडकून बसतं. साव्वातल्या लोकांचा यावर उपाय आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर आपटायचं, की पात्याचं नाक बाहेर येतं. करून बघितलं. आलं. आईही आली, कसला आवाज म्हणून. :)

आता स्वित्झर्लंड. कार्ल एल्सेनरने १८८४ मध्ये इबाख इथे कारखाना काढला. त्याच सुमाराला स्विस सैन्याने नवी रायफल घेतली होती. ती उघडायला स्क्रू-ड्रायव्हर हवा आणि डबाबंद जेवणासाठी डबा उघडणारं काहीतरी हवं. मग पातं, डबा उघडणं, स्क्रू-ड्रायव्हर आणि भोकं पाडायचा टोच्या असा चार गोष्टींचा सैनिकी चाकू ठरला, 'मॉडेल १८९०'. पण सुरुवातीचा माल आला कुठून, तर जर्मनीच्या सोलिंगेनहून, कारण स्वित्झर्लंडमध्ये तेवढं उत्पादनच नव्हतं. एल्सेनरने इतर स्विस कारागिरांना एकत्र आणून १८९१ पासून पुरवठा सुरू केला. सोलिंगेनचा माल स्वस्त होता. सोबतचे एकेक करून मागे हटले आणि एल्सेनर कर्जात बुडाला.

त्याला तारलं ते १८९७ च्या ऑफिसर चाकूने. यात आणखी एक छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू होता. पण खरी युक्ती आत होती. एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या हत्यारांना ताण देते. त्यामुळे हत्यारं वाढली तरी चाकू तेवढा जाड झाला नाही. सैन्याने ऑफिसरांना हा चाकू अधिकृतपणे दिला नाही, त्यांनी तो स्वतःच्या पैशाने घेतला. आई वारल्यावर १९०९ मध्ये एल्सेनरने कंपनीला तिचं नाव दिलं, व्हिक्टोरिया. १९२१ मध्ये न गंजणारं पोलाद आलं, त्याच्या फ्रेंच नावातला 'इनॉक्स' त्याला जोडला आणि व्हिक्टोरिनॉक्स झालं.

म्हणून इथे माप मिटलेल्या चाकूचं. ५८, ८४, ९१, ९३, १११ मिलिमीटर. लांबीची घरं ठरलेली, मग त्यात थर वाढवत जायचे. ओपिनेलवाला विचारतो, 'तुला कापायचंय काय?' स्विसवाला विचारतो, 'तुझा खिसा केवढा?' सैन्याचा स्वतःचा चाकू आधी ९३ चा होता, २००८ मध्ये तो १११ चा झाला. हातमोजे घातलेल्या एका हाताने उघडता यावा आणि पातं लॉक व्हावं, ही नवी गरज होती. हात बदलला की माप बदललं.

जपानी हिगोनोकामी या दोघांपेक्षा गरीब. पितळ्याच्या किंवा लोखंडाच्या पत्र्याची घडी घातलेली मूठ, आत पातं, स्प्रिंग नाही, लॉक नाही. पात्याच्या मागे एक छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. माझ्या चाकूचं पातं साडेसात सेंटीमीटर भरलं. तो बनतो ह्योगो प्रांतातल्या मिकी गावी, १८९० च्या दशकापासून. नावाचा अर्थ मात्र 'हिगोचा सरदार', आणि हिगो म्हणजे शेकडो किलोमीटर दूरचं कुमामोतो. क्युशूकडे माल जास्त खपायचा म्हणून गिऱ्हाईकाच्या प्रदेशाचं नाव दिलं. शाळकरी पोरं यानेच पेन्सिली तासायची. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये समाजवादी पक्षाचे नेते असानुमा इनेजिरो यांची भर सभेत एका सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. ते हत्यार खिशातला चाकू नव्हतंच, छोटी तलवार होती. पण 'मुलांच्या हातात पातं नको' अशी मोहीम उभी राहिली आणि दप्तरांतून हिगोनोकामी गेला. आज ते नाव अधिकृतपणे वापरणारा एकच कारखाना मिकीमध्ये उरला आहे.

इथे मी जरा थांबलो. कारण पुढे माप हाताने किंवा खिशाने ठरवलं नाही, कायद्याने ठरवलं. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू कारण न सांगता बाळगता येतो, पण लॉक असलेला चाकू या सवलतीत बसत नाही, असं कोर्टाने ठरवलं. माझा नंबर ६ लांबीत पास आणि कड्यामुळे नापास. बोट वाचवायला बसवलेलं कडं तिथे गुन्ह्याचं लक्षण! आपल्याकडे रामपूरची तीच कथा. रामपुरी चाकूची ख्याती नऊ ते बारा इंची पात्याची. हिंदी सिनेमाने त्याला व्हिलनच्या हातात दिलं, १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांवरच्या पात्यांवर बंदी घातली आणि कारागीर देशोधडीला लागले. २०२३ मध्ये रामपूरच्याच एका चौकात सुमारे सहा मीटरचा चाकू स्मारक म्हणून उभा केला. नऊ इंच चालत नाही, वीस फूट चालतो.

मी हसतोय खरा, पण माझाही एक चाकू असाच गेला. ५८ चा छोटा व्हिक्टोरिनॉक्स किल्ल्यांना अडकवलेला होता, ऑनसाइटला जाताना चेक-इन बॅगेत टाकायचा विसरलो. एअरपोर्टवरच्या माणसाने शांतपणे पेटीकडे बोट दाखवलं. २००१ च्या ११ सप्टेंबरनंतर विमानात चाकू न्यायची सोय गेली आणि व्हिक्टोरिनॉक्सची विक्रीही जोरात आपटली. त्या माणसाला कायदा पाळायचाच होता. चूक माझी.

आता पाचवा चाकू.

आजोबांची तासगावकडे द्राक्षाची बाग होती. या चाकूने ते कलमं बांधायचे. मूठ कसल्या तरी काळ्या लाकडाची, एका बाजूचा खिळा बदललेला. शीटमध्ये पात्याची लांबी लिहिली, ७१ मिलिमीटर. मग रुंदी मोजायला गेलो आणि काही कळेना. खिळ्याजवळ रुंदी १५ मिलिमीटर, मध्यावर फक्त ९. आधी वाटलं, पॅटर्नच तसा असेल. मग लक्षात आलं की खिळ्याजवळच्या भागाला धार लावता येत नाही, दगड तिथे पोचत नाही. तो भाग मूळ मापाचा राहिलाय. मुठीतली खाचही तेच सांगते, आत आता बरीच मोकळी जागा आहे. गेलेले सहा मिलिमीटर दगडावर गेले. दर हंगामात थोडे थोडे.

मागच्या महिन्यात मी हा चाकू शहरातल्या एका कारागिराला दाखवला होता. म्हणाला, "पातं गेलंय साहेब. नवीन टाकतो, मूठ पॉलिश करतो, एकदम शोरूमसारखा होईल." मी हो म्हणणार होतो. बरं झालं, त्या दिवशी मीटिंगमुळे द्यायचा राहिला. नवीन पातं टाकलं असतं तर माझ्या कलेक्शनमध्ये एक सुंदर चाकू वाढला असता आणि आजोबा तेवढे कमी झाले असते. बाकीच्या चार चाकूंची रुंदी मोजली. चारही जशीच्या तशी, एक दशांश मिलिमीटर झीज नाही. चोवीस तास ड्रॉवरमध्ये पडून राहणाऱ्या वस्तूची झीज होणार कशी?

हा चाकू मला काकांकडून मिळाला. बाग त्यांनी काढली, पाणी आणि मजुरी परवडेना. सामान आवरताना तो दिसला, मी मागितला. काकांनी तो हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. धारेची वस्तू हातात देऊ नये म्हणून. वर म्हणाले, "एक रुपया दे. चाकू फुकट दिला की नातं तुटतं." तेव्हा मी मनात हसलो होतो. नंतर कळलं की फ्रान्समध्येही चाकू भेट मिळाला की देणाऱ्याला एक नाणं द्यायची पद्धत आहे, याच कारणासाठी. आल्प्समधल्या शेतकऱ्याला आणि तासगावच्या माझ्या काकांना हे कोणी सांगितलं असेल?

रविवारी दुपारी शीट पूर्ण केली. आजोबांच्या ओळीत 'पॅटर्न' या कॉलममध्ये काय लिहावं कळेना, म्हणून 'कलमाचा' एवढंच लिहिलं. मग पाचही चाकू पुसून, थोडं तेल लावून ठेवले. म्हणजे चारच ठेवले. आजोबांच्या चाकूने संध्याकाळी चहाबरोबर एक पेरू कापला. धार अजून लागते. उरलेल्या नऊ मिलिमीटरांतले थोडे आता माझ्या हातून जायला हरकत नाही.

असो. काकांना द्यायचा तो एक रुपया द्यायचा राहूनच गेलाय. दिवाळीला जाईन तेव्हा आठवणीने देईन.