मंद प्रकाशातील डीएसएलआर व्हिडिओ : एक्सपोजर-नियंत्रण

अपुऱ्या उजेडात जुन्या डीएसएलआरवर शटर, अ‍ॅपर्चर व आयएसओ यांचा मेळ घालून चित्राची प्रकाशमात्रा ठरवणे. व्हिडिओची सोय असलेले निकॉन डी९० व कॅनन ५डी मार्क २ हे कॅमेरे २००८ मध्ये आले. मार्क २ मध्ये आरंभी व्हिडिओचे एक्सपोजर कॅमेराच ठरवी. म्हणून काही जण अ‍ॅडॅप्टर लावून, हाताने अ‍ॅपर्चर फिरवता येणाऱ्या जुन्या निकॉन लेन्स कॅननवर बसवत. जून २००९ च्या फर्मवेअरने पूर्ण मॅन्युअल नियंत्रण दिले.

शटर आधी ठरवावे. सेकंदाला २५ फ्रेमसाठी १/५० हा वेग रूढ आहे. भारतातील वीज ५० हर्ट्‌झची असल्याने ट्यूबलाइटखाली तोच सुरक्षित. १/६० ठेवल्यास चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. १/२५ वर उजेड दुप्पट मिळतो, पण हालचाल फरफटते. स्थिर दृश्यालाच ते चालते.

खरा फायदा लेन्सचा. ५० मिमी एफ/१.८ ही स्वस्त लेन्स एफ/५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. मात्र फोकसची खोली उथळ होते आणि माणूस किंचित पुढे झुकला तरी चेहरा धूसर होतो.

उरलेली तूट आयएसओने भरावी. कॅननवर १६० च्या पटीतील आकडे, विशेषतः ६४०, तुलनेने कमी दाणेदार मानले जातात. दाण्यांच्या भीतीने चित्र काळोखे घेणे मात्र महागात पडते : ८-बिट संकुचित फाइलमधील सावल्या संगणकावर उजळल्या की ठोकळे उमटतात. अंधारात मागचा पडदा चित्र आहे त्याहून उजळ भासवतो; त्यापेक्षा हिस्टोग्राम विश्वासार्ह.