कोंडाकोव्ह, निकोदिम पाव्लोविच

(1844–1925). रशियन पुरातत्त्वज्ञ व बायझंटिन कलेचे इतिहासकार. बायझंटिन मीनाकारीवरील त्यांचा ग्रंथ 1892 मध्ये रशियन, फ्रेंच व जर्मन भाषांत निघाला. मीनाकारी ही नुसती शोभा नसून इतिहासाचे साधन आहे, हे या ग्रंथाने ठसविले. सोन्याच्या पत्र्यावर सोन्याच्याच बारीक पट्ट्या उभ्या बसवून घरे पाडायची, त्यांत रंगीत काचेची पूड भरून भट्टीत वितळवायची आणि पृष्ठभाग घासून सपाट करायचा, ही तिची रीत. नाक, भुवया, वस्त्राच्या चुण्या हे सारे पट्टीच रेखते; म्हणून पट्टीच्या वळणावरून कामाची घडण व काळ यांचा अदमास बांधता येतो.

हा ग्रंथ झ्वेनिगोरोदस्कोई या संग्राहकाच्या खर्चाने निघाला, तेव्हा तो त्याच्या संग्रहाची भलामणच ठरतो, असा आक्षेप घेता येईल. परंतु कोंडाकोव्ह यांनी व्हेनिसमधील पाला द’ओरो व जॉर्जियातील ‘खाखुली’ नावाचा मूर्तिपट यांसारख्या कामांचाही परामर्श घेतला. त्यामुळे विवेचनाला तुलनेचा भक्कम आधार मिळाला. संग्रहातील जॉर्जियाच्या जुमाती मठातून आलेल्या पदकांपैकी नऊ पदके आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.