‘ती फुलराणी’तले ध्वनिशास्त्र
* जॉर्ज बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून (1913) पु. ल. देशपांडे यांनी बेतलेले नाटक. 1975मध्ये ते भक्ती बर्वे आणि सतीश दुभाषी यांनी गाजवले. पुढे नव्या संचांत अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनीही मंजुळा, म्हणजे प्राध्यापक जिला प्रमाण मराठी बोलायला शिकवतो ती फुलवाली, रंगवली. प्रेमकथेला ध्वनिशास्त्राची फोडणी, अशी त्याची बोळवण केली जाते ती पटत नाही. शॉच्या मूळ नाटकातल्या प्राध्यापक हिगिन्समध्ये हेन्री स्वीट या ध्वनिशास्त्रज्ञाच्या छटा आहेत. आणि मंजुळेचे उच्चार सुधारतात तसतशी प्राध्यापकाची गुर्मी उघडी पडते, म्हणजे दोघांमधला पेच उच्चार सुधारण्याच्या या प्रयोगातूनच निघतो. नाटकाचे पुनरुज्जीवन हिंगोलीसारख्या ठिकाणी झाले, तर हे अधिकच जाणवावे. ‘काय करायलास?’ असे सहज विचारणाऱ्या हिंगोलीच्या प्रेक्षकाला मंजुळेची मुंबईची बोली परकी, आणि प्राध्यापकाची प्रमाण मराठीही पाठ्यपुस्तकातली (निजामी राजवटीत 1948पर्यंत इथली सरकारी भाषा उर्दूच). मोजपट्टी मुळात कुणाची, हे त्याला बाहेरून दिसते. मग मंजुळेला हिंगोलीचीच बोली द्यावी, असे कुणी म्हणेल. हशा हमखास मिळेल, पण ‘अशुद्ध’ ठरेल ती प्रेक्षकाचीच जीभ. त्यापेक्षा संहिता आहे तशी ठेवून प्राध्यापकाचेच उच्चार जरा जास्त घोटीव करावेत.