वाळीत टाकलेले यंत्र

निवृत्त माणसाने व्हिडिओ गेम खेळू नयेत, असे आमच्या हिचे ठाम मत आहे. पण नातू न्यू जर्सीत आणि मी पुण्यात. फोनवर तो "बरा आहे, आजोबा" एवढ्यावर आटोपतो. मोटारींची शर्यत खेळताना मात्र तासभर बोलतो. म्हणून मी एक जुने कन्सोल घेतले. विकणारा म्हणाला, "काका, यात चिप मारलीय. एकही गेम विकत घ्यायला नको!" जन्मभर मंडईत भाजीवर कोथिंबीर फुकट मागणाऱ्याला हे वाक्य मंत्रासारखे वाटले, यात नवल नाही.

आठवडाभर खेळलो. आठव्या दिवशी पडद्यावर सूचना : हे यंत्र ऑनलाइन सेवेतून कायमचे बाद! आमची सोसायटी वर्गणी थकवणाऱ्यालासुद्धा तीन नोटिसा देते हो!

मग मी या बंदीचा इतिहास वाचून काढला. नेहमीप्रमाणे, उशिरा.

कन्सोलमध्ये एक द्वारपाल असतो. कंपनीची खूण असलेलीच तबकडी तो आत सोडतो. चिप म्हणजे या द्वारपालाला घातलेली भूल. १९९०च्या दशकात प्लेस्टेशनला अशा चिपा सर्रास बसत. यंत्र तुमच्या घरात, कंपनी जपानात, कळणार कसे? पण २००२ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स लाइव्ह सुरू केले आणि घरातले यंत्र कंपनीच्या दारात हजेरी लावू लागले. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. हजेरीत खोट दिसली की नाव कटाप.

मोठी कत्तल झाली नोव्हेंबर २००९ मध्ये. 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' हा खेळ १० तारखेला आला आणि त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टने फेरफार केलेले एक्सबॉक्स ३६० सरसकट छाटले. बातम्यांत आकडा सहा ते दहा लाखांचा होता. कंपनी म्हणाली, दोन कोटी सभासदांतले थोडेसेच! गंमत म्हणजे बंदी यंत्रावर होती, माणसाच्या खात्यावर नव्हे. मग शहाण्यांनी बाद यंत्रे जुन्या बाजारात काढली. घेणारे कोण? माझेच भाऊबंद.

सगळेच चोर होते असेही नाही. प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवायची सोय सोनीने स्वतःच दिली होती आणि एप्रिल २०१० मध्ये काढून घेतली. भरल्या ताटावरून उठवले की माणूस चिडणारच. जानेवारी २०११ मध्ये जॉर्ज हॉट्झ या तरुणाने त्या यंत्राची गुरुकिल्लीच जाहीर केली. सोनीने त्याला कोर्टात खेचले आणि बाकीच्यांना फेब्रुवारीत बजावले : फेरफार कराल, तर नेटवर्कचे दार कायमचे बंद.

माणसाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राला ते संरक्षण नाही.

नातवाला शेवटी खरे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आजोबा, तुम्ही चीटिंग केलंत?" कंपनीच्या सूचनेपेक्षा हे जास्त लागले. पेन्शनमधून नवे यंत्र आणले, खेळही पूर्ण पैसे मोजून. आता शर्यतीत मी रीतसर हरतो.

जुने यंत्र माळ्यावर आहे. परवा एकाने विचारले, "काका, विकायचंय का? स्वस्तात द्या की." मी तोंड उघडण्याआधीच ही आतून म्हणाली, "नाही हो. एका घरात एवढा इतिहास पुरे झाला!"