घरबांधणी आणि कारागीर : पूर्वापार रीत

‘घर पहावे बांधून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अनुभवातून घडविली. तिच्यात पैशाची जितकी चिंता आहे, तितकीच अनेक हातांकडून वेळेवर व चोख काम करवून घेण्याचीही आहे.

गावगाड्यात सुतार व लोहार हे बलुतेदार. नांगर-कुळवाची दुरुस्ती बलुत्याच्या धान्यात होई. नव्या घराचे काम मात्र वेगळ्या मजुरीने ठरे. गवंडी, पाथरवट, वडार, बेलदार हे पुष्कळदा बाहेरगावाहून येत. या सर्वांची सांगड घरधन्यालाच घालावी लागे. मोठ्या वाड्यांची तऱ्हाही निराळी नव्हती. पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला व वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. त्यासाठी सागवान जुन्नरकडून, दगड चिंचवडहून व चुना जेजुरीहून आला, असे सांगतात.

काम देण्याचे दोन प्रकार रूढ आहेत : रोजंदारी व उक्ते. रोजंदारीत देखरेख धन्याची आणि दिरंगाईचे नुकसानही त्याचेच. उक्त्यात काम लवकर उरकते, पण मोजमाप चोख नसेल तर तंटा ठरलेला. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. साठ फूट लांब, अडीच फूट रुंद व चार फूट खोल पाया सहा ब्रास भरतो. खोली तीनच फूट असेल तर साडेचार ब्रास. दीड ब्रासाचा हा फरक पाया बुजल्यावर कोणाला दिसणार? म्हणून जाणती माणसे दगड पडण्यापूर्वीच गवंड्यासमक्ष दोरी लावून माप वहीत उतरवीत.

विसार थोडा द्यावा, पुढील रक्कम झालेल्या कामावर द्यावी व शेवटचा हप्ता काम पाहून चुकता करावा, हीच शहाणपणाची रीत. सुताराने चौकटी वेळेवर दिल्या नाहीत तर गवंडी थांबतो. भिंती रेंगाळल्या की छप्पर रेंगाळते. आणि मृग बरसू लागला म्हणजे उघड्या मातीच्या भिंती ढासळतात. कर्ज काढून घर बांधणाऱ्यावर मग दुहेरी संकट. मात्र विनाकारण पैसा अडविणाऱ्याचे घरही अर्धेच राही, कारण कारागिराच्या घरची चूल आठवड्याच्या बाजारावर पेटे.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरी पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. असे भाग्य फार थोड्या बांधणाऱ्यांना लाभले. मंदिराच्या जीर्णोद्धारात देणगीदारांची नावे फरशीवर येतात, ते योग्यच आहे. देणगीच्या पैपैचा हिशेब जसा वहीत राहतो, तशी दगड घडविणाऱ्या, चौकट बसविणाऱ्या व कळसावर चढलेल्या हातांची नावेही त्याच वहीत राहिली, तर पुढच्या पिढीला हे काम कोणी उभे केले ते पूर्णपणे कळेल.