भूतनाथाचे न बांधलेले देऊळ

आश्विन पौर्णिमेच्या रात्री पेडणे येथे श्री भगवतीच्या परिसरात जी पुनव भरते, तिच्याविषयी या नियतकालिकाच्या वाचकांना नव्याने सांगावे असे फारसे नाही. देवळासमोरचे ते दोन दगडी हत्ती, रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे, ढोल-ताशांचा गजर आणि सावंतवाडीपासून लोटलेली माणसे, हे सारे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. तुये गावातून आम्ही मुले वडीलधाऱ्यांचे बोट धरून या पुनवेला जात असू. त्या वयात भीती आणि कुतूहल यांपैकी नेमके काय अधिक होते, ते आज सांगता येणार नाही.

पुनवेची कथा थोडक्यात अशी. भूतनाथाला स्वतःचे देऊळ नाही. ते एका रात्रीत बांधून मिळावे, अशी त्याची अट. भक्तांच्याने ती पुरी झाली नाही. म्हणून दरवर्षी या रात्री तो रागावतो आणि रानाकडे धाव घेतो. भक्त त्याच्या मागे धावतात, ‘देऊळ फाल्यां बांदतां’ असे वचन देतात आणि त्याला परत वळवतात. ते ‘फाल्यां’ अद्याप उगवलेले नाही. पुढच्या वर्षी देव पुन्हा रागावतो आणि माणसे पुन्हा तेच वचन देतात.

या कथेचा मी आयुष्यातील बरीच वर्षे एक गंमत म्हणूनच विचार केला. सेवानिवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली, तेव्हा रॉबर्ट होल्डस्टॉक या इंग्रज लेखकाची ‘मिथॅगो वुड’ ही 1984 सालची कादंबरी हाती आली. इंग्लंडमधील एका पुरातन जंगलाची ही अद्भुत कथा आहे. बाहेरून पाहता ते रान लहान दिसते. आत शिरणाऱ्याला मात्र ते संपता संपत नाही, आणि माणसांच्या स्मृतीच्या तळाशी असलेले पुराणपुरुष तेथे सदेह होऊन वावरतात. कादंबरी गुंगवून टाकणारी आहे, यात शंका नाही. परंतु ती मिटून ठेवल्यावर मनात आले की, ज्या देशात जुनी अरण्ये शेकडो वर्षांपूर्वीच बहुतांशी तुटली, तेथील लेखकाला असे रान कल्पनेने उभे करावे लागले. आपल्याकडे ते गावाच्या शिवेवर होते, आणि त्यातील पुराणपुरुषाला वर्षातून एकदा नारळ, रोट आणि विडा ठेवण्याची आपली रीत होती.

मराठी वाङ्मयातही अरण्य पहिल्यापासून आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 ची आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. त्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या परंपरेत अरण्य हे बहुधा वाट चुकण्याचे आणि संकटे कोसळण्याचे स्थळ असते. ते कोणत्याही मुलखातले असू शकते. अरण्याला आणि समुद्राला खरा पत्ता मिळाला तो बऱ्याच उशिरा. चिं. त्र्यं. खानोलकर यांचा जन्म 1930 साली वेंगुर्ल्यानजीकच्या बागलांची राई येथे झाला. वाडीच्या नावातच राई असलेल्या या लेखकाने 1966 साली ‘कोंडुरा’ लिहिली. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील कोंडुरा हे खरे ठिकाण आहे. त्या स्थळाभोवतीची दंतकथा एका साध्या माणसाच्या आयुष्यात जिवंत होते आणि त्याचा संसार उद्ध्वस्त करते. तेरेखोलच्या पलीकडच्या या लेखकाला ठाऊक होते की, आपल्या मुलखात दंतकथा ही ऐकून विसरण्याची वस्तू नसते. ती माणसाकडून काही मागत असते.

ती काय मागते, हे समजून घेण्यासाठी आपल्या गावांच्या वसाहतीचा इतिहास पाहिला पाहिजे. आपल्यापैकी बहुतेकांच्या कुळकथा ‘आमचे मूळ पुरुष अमुक ठिकाणाहून येथे आले’ याच वाक्याने सुरू होतात. कोणी घाटावरून उतरले, कोणी कुडाळ-सावंतवाडीकडून आले, तर कोणी जुन्या काबिजादींतील धर्मच्छळामुळे नदी ओलांडून आले. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या महालांतील देवळे पाडली गेली, तेव्हा देवांनाही स्थलांतर करावे लागले. कुठ्ठाळीचा मंगेश 1560 मध्ये फोंडा महालात प्रियोळला गेला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला, आणि 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. मूर्ती अगर लिंग डोक्यावर घेऊन माणसांनी रात्री नद्या पार केल्या. आमच्या इतिहासातील हा तेजस्वी भाग आहे आणि तो वारंवार लिहिला गेला आहे.

एक देव मात्र कोणी हलवू शकले नाही. राखणदार किंवा देवचार याला मूर्ती नव्हती, म्हणून त्याला उचलून नेण्याचा प्रश्नच आला नाही. एखादा वड, पाण्याचा झरा, सीमेवरचा धोंडा, दाट रायीचा एखादा कोपरा, एवढेच त्याचे ठाणे. घोंगडी पांघरलेला, हाती घुंगरांची काठी आणि पेटती चूड घेतलेला हा पुरुष रात्री शिवेवरून फेरी घालतो आणि चुकल्यामाकल्याला घरापर्यंत पोचवतो, असे वर्णन आपण सर्वांनी ऐकले आहे. फेरी घालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची चाल आहे. देवळे गेलेल्या महालांतही तो जागच्या जागी राहिला. धर्मांतरानंतर काही ख्रिस्ती घरांनी त्याला मेणबत्ती लावणे सोडले नाही.

याचा अर्थ माझ्या अल्पमतीप्रमाणे असा आहे. आपण सारे, आपल्या कुलदेवतांसह, या भूमीवर नंतर आलेले लोक आहोत. राखणदार हा आधीचा मालक. गाव वसवताना रान तोडावेच लागले; परंतु सगळे तोडायचे नाही, एक भाग त्याचा म्हणून सोडायचा, तेथील फांदीही घरी न्यायची नाही आणि दरवर्षी त्याचा मान द्यायचा, असा हा अलिखित करार होता. महाभारतातील खांडववनाच्या दहनाकडे इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये याच दृष्टीने पाहिले आहे. नवी राजधानी वसवण्यासाठी कृष्णार्जुनांनी ते वन त्यातील जीवांसकट जाळले, आणि त्या वैभवावर पुढे कोणती छाया पडली हे आपण जाणतो. आमच्या गावांच्या मूळ पुरुषांनी रान तोडले, पण त्याचा एक तुकडा सोडला. आमची देवराय म्हणजे न जाळलेले खांडववन होय.

पेडणे महाल 1788 मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे. या नव्या काबिजादींत धर्माचरणाला धक्का न लावण्याचे धोरण होते. त्यामुळे येथील सातेरी, रवळनाथ, वेताळ आणि त्यांच्या राया टिकल्या. सत्तरीत केरी येथील आजोबाची राय प्रसिद्ध आहे. देवाला ‘आजोबा’ म्हणणाऱ्यांनी रानाशी कोणते नाते मानले होते, ते या एका शब्दात आले. बांबर येथील निरंकाराच्या रायीत रानजायफळांची दलदल आहे. तेथे चिखलातून झाडांची मुळे माणसाच्या दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर आलेली दिसतात. अशा दलदली सह्याद्रीत आता फार थोड्या उरल्या आहेत. निरंकाराच्या धाकाने आणि प्रेमाने जे राखले गेले, त्याचे शास्त्रीय मोल पुष्कळ उशिरा कळले. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पतींचा तो अखेरचा आसरा असल्याचे त्यांनी दाखवून दिले. लोक ज्याला देवाचे घर म्हणत होते, त्याला शास्त्रज्ञांनी जुन्या अरण्याचा अवशेष म्हटले. वस्तू एकच होती.

येथवर मी इतरांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिले पाहिजे, कारण त्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

1980 च्या दशकाच्या प्रारंभी मी तलाठी म्हणून शासकीय सेवेत रुजू झालो. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतील गोष्ट. एका गावातील जमिनीच्या वापराविषयीचा अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे आला. गावाचे नाव येथे देत नाही. जागेवर गेलो. शेतांच्या वर उतारावर दाट झाडी होती. किंदळ, सातवीण, जांभूळ आणि माडाच्या खोडासारख्या जाड वेली. झाडीच्या खालच्या अंगाला झरा. सोबत आलेल्या वृद्ध गांवकराने मला वहाणा काढावयास सांगितल्या. मी तरुण होतो, पदवीधर होतो. परंतु वयाचा मान ठेवून त्या काढल्या. आत शेंदूर माखलेला एक धोंडा आणि मातीची पणती, याखेरीज काही नव्हते. एक-चौदाच्या उताऱ्यावर जो कबजेदार होता त्याचे नाव मी वाचून दाखवले. म्हातारा शांतपणे म्हणाला, “बाब, नांव बरयचेंच जाल्यार राखणदाराचें बरय.”

मी हसलो. परत येऊन अहवाल लिहिला. त्यातील एक वाक्य मला आजही शब्दशः पाठ आहे: ‘सदर जागेत देऊळ अथवा धार्मिक स्वरूपाचे बांधकाम आढळून आले नाही.’ वाक्यात असत्य काही नव्हते. देऊळ नव्हतेच. बांधकामाचा रकाना होता, तो मी भरला. रायीचा रकाना नव्हता, म्हणून राय लिहिली नाही. पुढे परवानगी मिळाली, ती माझ्या वाक्यामुळेच मिळाली असे मी म्हणत नाही. पण ते वाक्य फाईलमध्ये होते. दोन पावसाळ्यांत उतार उघडा पडला. काही वर्षांनी बदली होऊन त्या भागात गेलो, तेव्हा झऱ्याच्या जागी ओले दगड तेवढे होते, आणि खालच्या शेतांतील वायंगण बंद पडले होते. म्हातारा तोवर वारला होता. त्याच्या घरच्यांनी मला ओळखले. चहा दिला, कोणी एक शब्दही बोलले नाही.

देऊळ नाही म्हणून देव नाही, हे माझ्या अहवालातील तर्कशास्त्र होते. नंतर एका पुनवेच्या रात्री भूतनाथाचे तरंग रानाकडे धावताना पाहिले आणि मी जागीच थबकलो. हा तोच देव होता, ज्याचे बांधकाम आढळून येत नाही. पूर्वजांनी त्याचे देऊळ बांधले असते, तर तो भिंतींच्या आत बसला असता, आणि रानाकडे धावण्याचे त्याला कारण उरले नसते. वर्षातून एकदा सगळ्या गावाला रानाची आठवण करून देणारा हा देव बिनदेवळाचा राहिला, यात त्यांची असमर्थता होती की शहाणपण, याचा निर्णय वाचकांनी करावा. मला ते शहाणपण वाटते.

कोणी म्हणेल, ही अंधश्रद्धेची भलावण झाली. तसे नाही. झपाटलेली म्हणून पुनवेला आणल्या जाणाऱ्या माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, हाल मी पाहिले आहेत. त्यांना औषधोपचारांची गरज असते. शिवाय केवळ श्रद्धेने राया वाचतातच असेही नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात रायीतील झाडे तोडून सिमेंटची देवळे आणि सभामंडप आपणच उभारले आहेत. तेथे भूतनाथाला दिलेले वचन आपण नको त्या ठिकाणी पाळले! म्हणून भीतीने जे राखले, ते आता जाणतेपणाने राखावे लागेल. 1984 चा वृक्षसंरक्षण कायदा आहे, 2002 चा जैवविविधता कायदा आहे. त्याखाली डिचोली तालुक्यातील सुर्ला येथील पुर्वतळी रायीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे. माझ्या नोकरीच्या आरंभी जो रकाना नव्हता, तो आता आहे. गावोगावच्या जैवविविधता नोंदवहीत रायीचे नाव, झाडे, झरा आणि तिची कथा लिहिता येते. तो लिहावयाचा कोणी, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या पेडणे तालुक्याचे रूप झपाट्याने पालटत आहे. तुयेच्या पठारावर औद्योगिक वसाहत आली. मोपाच्या पठारावरील विमानतळाचे 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झाले. त्यासाठी पन्नास हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. रोजगार हवा आणि रस्ते हवेत, हे मी नाकारीत नाही. आमचीच मुले तेथे नोकरी करतात. पण गावात ज्या दोन-चार राया उरल्या आहेत, त्यांची नावे त्या मुलांना सांगता येतात का, हे प्रत्येक घराने एकदा विचारून पाहावे. ज्या रानाची कथा कोणाला सांगता येत नाही, त्याच्या जागेवर कोणाला काही आढळून येत नाही, हे मी माझ्या हातून शिकलो आहे.

गतवर्षी नातवाला घेऊन पुनवेला गेलो होतो. तरंग धावले, लोक मागे धावले. “आजोबा, उद्या खरंच देऊळ बांधणार?” असे त्याने विचारले. मी त्याला म्हणालो, “नाही. पण त्याला जायला रान राहील, एवढे आपण पाहायचे.” परत येताना त्याने आमच्या वाड्यावरील राखणदाराचा वड कोणता, ते विचारून घेतले. नोंदवहीत तो वड, त्याखालचा धोंडा आणि त्याची कथा लिहून देण्याचे काम मी या पावसाळ्यानंतर हाती घेणार आहे. चाळीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने मला जे नाव लिहावयास सांगितले होते, ते निदान एका ठिकाणी माझ्या अक्षरात असावे, अशी इच्छा आहे.